दरवर्षी चुकणारी भरती

"म्हणजे उलट्या दिशेने?" प्रवास कंपनीतल्या मुलीने पुन्हा विचारलं. "मादाम, पानगळीच्या आधीचा पानांचा लाल रंग उत्तरेकडून दक्षिणेला उतरत जातो. लोक क्युबेकला बोटीत बसतात आणि रंगाच्या सोबतीने बॉस्टनला जातात. तुम्ही बॉस्टनहून निघालात तर अर्धी वाट नुसती हिरवी झाडं बघाल."

"हिरवी झाडं मी पाहिलीत," रोज-एमे म्हणाली. "बोट नदीतून वर येणारी हवी. ऑक्टोबरच्या सुरुवातीची. आणि आमच्या गावासमोरून ती दुपारी गेली पाहिजे, अंधारात नाही."

शेजारी बसलेल्या जोस्लीनने कपाळाला हात लावला. "आई, क्युबेकचा धक्का आपल्या दारापासून गाडीने जवळ. आणि तू विमानाने बॉस्टन गाठणार, ते बोटीत बसून घरी यायला? तुला तर धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी मळमळतं."

"म्हणून तर एकदाच जायचं. ते नीट दिशेने."

मुलीने बराच वेळ शोधलं. बहुतेक बोटी तो किनारा रात्रीच ओलांडत होत्या. शेवटी एक जुनी, लहानशी बोट सापडली. रोज-एमेने उजव्या बाजूची खोली मागितली.

तिचा नवरा एलोई गलबतावर तांडेल होता. सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडून कागदाच्या गिरण्यांसाठी लाकूड भरून आणायचा. तिथली नदी म्हणजे समुद्रच. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं गावाच्या धक्क्याला लागायची. भरती चुकली की बाहेर नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघायची. एलोई धुक्यात चुकला नाही, बर्फात चुकला नाही. पण दरवर्षी मेपलची झाडं लाल झाली की एका फेरीला तो हमखास चुकायचा. बाकीचे तांडेल घरात पाय पसरून वाटाण्याचं सूप ओरपत असायचे. हा उजाडता उजाडता दारात.

"कुठे होतास?"

"बघत होतो."

"काय?"

"डोंगर."

डोंगर तर घराच्या पाठीशी होता. पायथ्याला राहणाऱ्यांना त्यातलं काय दिसणार? परसातली चार झाडं, आणि गोळा करायचा पाचोळा. नणंद आर्मांद डोळे मिचकावून म्हणायची, "माझा सख्खा भाऊ आहे म्हणून गप्प बसते हो. पण तांडेलाला स्वतःच्या दारातली भरती सापडत नाही, हे काही मी ऐकलं नाही. समोरच्या बेटावर विधवा मात्र पुष्कळ आहेत." गाव हसायचं. रोज-एमेही हसायची, आणि त्या दिवशी भांडी जरा जोरात घासायची.

आर्मांद गेली. मग एलोईही गेला. शंका तेवढी राहिली.

"तो खरं बोलत होता की मला बनवत होता, एवढं कळल्याशिवाय मी त्याच्या शेजारी पुरून घेणार नाही," रोज-एमेने लेकीला बजावलं. "तो जिथून बघायचा तिथून बघायचंय. तो यायचा त्याच वाटेने येऊन, तो यायचा त्याच दिवसांत." त्यानंतर जोस्लीनने दिशेबद्दल वाद घातला नाही.

बॉस्टनला झाडं हिरवीच होती. हॅलिफॅक्सला धुकं. पुढे आखातात बोट अशी हेलकावली की रोज-एमे बादली उराशी धरून पडून राहिली.

"बाबा खोटं बोलले असतील तरी माझी हरकत नाही," जोस्लीन तिचं तोंड पुसत म्हणाली. "तू जिवंत घरी ये."

"दुपार झाली की मला वर ने," रोज-एमे पुटपुटली.

त्या दुपारीही नदीवर धुकं होतं. डेकवरचे लोक कॅमेरे पिशवीत घालून चहाला निघाले. जोस्लीनने आईच्या अंगावर ब्लँकेट ओढलं. एवढ्या लांब येऊन हिला राखाडी पाणीच दाखवायचं का, असं तिच्या मनात आलं.

मग वारा फिरला. धुकं खालून उचललं गेलं. आधी पाणी लाल झालं. कोणाला कळेना, पाण्यात हे काय पेटलंय. मग धुकं आणखी वर गेलं आणि डोंगर उभा राहिला.

तो पाण्यातून निघून थेट आभाळात गेला होता. त्याला कुठे जमीन नव्हती, खडक नव्हता, फट नव्हती. लाल होता, पण एक लाल नाही. निखाऱ्याचा, डाळिंबाचा, जखमेचा, आणि मधूनच कोणी ओंजळ उधळावी तसा पिवळा. ढगाची सावली त्यावरून सरकत होती आणि तिच्यामागे एकेक उतार नव्याने उजळत होता. नदीत तोच डोंगर उलटा टांगला होता. बोट दोन्हींच्या मधून चालली होती. चहाला निघालेले लोक जागच्या जागी थांबले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

पायथ्याला पांढरे ठिपके होते. तेच गाव. त्यातला कुठला ठिपका आपलं घर, हे रोज-एमेला ओळखता येईना. तिचा सगळा संसार त्या ठिपक्यात मावला होता आणि तो नखाएवढाही नव्हता. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. मळमळ कुठच्या कुठे गेली होती.

बोट हळूहळू पुढे सरकली. वळणाआड आधी गाव गेलं, मग डोंगर. ती तरी तिकडेच बघत राहिली.

"आई," जोस्लीन हलकेच म्हणाली, "बाबा खरंच बोलत होते ना?"

रोज-एमेने मान हलवली. पण तिला भलतंच काही सुचलं होतं.

"पोरी, एवढं समोर असतानाही तो पुढच्याच भरतीला घरी यायचा. माझ्याकडे."