वाचून गप्प बसलेले

किसनरावांनी पालकाची आणखी एक जुडी सोडली आणि शेळ्यांपुढे टाकली. तीन आठवडे हेच चाललं होतं. आता शेळ्याही पालकाला कंटाळल्या होत्या.

हर्षा, त्यांची लेक, ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली होती. अमरावतीला ती गणितात संशोधन करत होती, मोबाइलवर अफवा कशी पसरते यावर. अफवा शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. अकोटच्या बाजाराच्या ज्या ग्रुपवर तीही होती, तिथेच एक व्हिडिओ आला: हिवरखेडचे किसनराव नालीच्या पाण्यावर भाजी पिकवतात. व्हिडिओतली नाली कुठल्या तरी दूरच्या शहरातली. किसनरावांचं वावर विहिरीवर. पण लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. आठवडाभरात त्यांच्या मालाला अकोटात कुणी हात लावेना.

"काय निंगालं मंग तुह्या गनितातून?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. तो केव्हाच संपला होता.

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "बाबा, मी लोकायचे तीन रकाने केले. ज्यायले मायीत नाही थे, फुडं पाठवनारे, अन् वाचून गप्प बसनारे. गप्प बसनारे वाढले का अफवा इझते. माह्या हिशेबानं दोन दिवसांत इझाले पायजे होती. इझली नाही. चूक कुठी हाय, समजूनच नाही राह्यलं."

किसनरावांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. चाळीस वर्षं त्यांनी अकोटच्या हर्राशीत, भाजीच्या लिलावात, माल लावला होता.

"हर्राशीत अडत्या भाव पुकारते," ते म्हणाले. "एक बार, दोन बार, तीन बार. मालवाला गप्प राह्यला म्हंजे सौदा पक्का. गप्प बसला थो हो म्हनला, बाई. तू त्यायले इझवनाऱ्यांत कावून धरलं?"

हर्षाने गप्प बसलेल्यांना पसरवणाऱ्यांत मिळवलं आणि गणित पुन्हा चालवलं. पडद्यावरची हिशेबाची रेघ अफवा खरोखर पसरली त्या रेघेवर जाऊन बसली. दीड वर्षाच्या संशोधनात जे जमलं नव्हतं, ते जमलं. तिला आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. तिने गप्प बसलेल्यांची यादी उघडली.

"कितीक जन व्हते गप्प?"

"दोनशे अकरा."

"वयखीचं कोनी हाय का त्यात?"

ग्रुपमधल्या एकेकाला फोन करून तिने ती यादी केली होती. व्हिडिओ पाहिला का, पुढे पाठवला का, काही बोललात का. पहिलं नाव तेवढं तिने फोन न करता लिहिलं होतं.

"पयलंच नाव हाय, बाबा. माहं," ती म्हणाली. "व्हिडिओ आला त्याच सकायी पाह्यला व्हता म्या. मले वाटलं, दोन दिवसांत इझते."