दिवंगत आईची शेवटची सुझनी

नानच्या रोटीवर हात ठेवून ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा, खोटं असेल तर माझी जीभ झडो! आमच्या नुराता गावची अनोरगुल सुझनीवर, म्हणजे भिंतीवर टांगायच्या कापडावर, भरतकाम करते. कलेवर पोट भरावं म्हणून ती धंद्याचा आराखडा शिकवणाऱ्या वर्गाला गेली. मास्तर म्हणाला, "नुसतं कापड कोण घेतंय, बाई? त्यामागची गोष्ट विका." झालं, तिनं प्रत्येक सुझनीला चिठ्ठी बांधली: 'माझ्या दिवंगत आईची शेवटची सुझनी.' सात सुझन्या, सातही शेवटच्या!

एक दिवस ताश्कंदची एक बाई दुकानात आली. चिठ्ठी वाचून तिचे डोळे भरले, आणि तेवढ्यात अनोरगुलची आई चहा घेऊन आत आली.

"या कोण?" गिऱ्हाईक बाईनं विचारलं.

"शेजारीण," अनोरगुल घाईघाईनं म्हणाली.

"बरं झालं आलात, आजी. इथं वडीलधाऱ्या तुम्हीच. सुझनी घेण्याआधी त्या माउलीसाठी दुआ मागा."

म्हातारीनं किटली खाली ठेवून तळवे वर केले. "अल्ला, त्या बाईला जन्नत दे. आणि तिच्या लेकीला थोडी लाज दे, आराखड्यात तेवढी लिहायची राहून गेलीय."

आमीन म्हणत अनोरगुलनं तोंडावरून हात फिरवले, ते तोंडावरच राहिले. सुझनी मात्र खपली.

बरं बाई, कबूल करते. लाजेचं ते वाक्य मी आत्ता जोडलं. तेव्हा किटली खाली ठेवून मी एवढंच मागितलं होतं, "तिच्या लेकीचं दुकान चालू दे."