बिनबुडबुड्याची पाटी

"परत आले बघ," यशोदाबाई म्हणाल्या.

सागाच्या पाटीवर, 'हितेंद्र' या अक्षरांच्या अवतीभवती, बारीक बुडबुडे जसेच्या तसे गोठले होते. कामिनीचा चेहरा उतरला. धुळ्यातल्या कितीतरी बायकांना तिने लाकडावर रेझिनचा चकचकीत थर ओतायचं काम शिकवलं होतं. शेजारच्या यशोदाअक्कांची ही एक पाटी मात्र काही केल्या साधत नव्हती.

पाटी त्यांच्या मुलाच्या नाशिकच्या नव्या घरासाठी होती. वडील गेल्यापासून हितेंद्र आईला कायमचं तिकडे बोलवत होता. "माझ्या हातची पाटी घेऊनच येईन," असं यशोदाबाईंनी त्याला कबूल केलं होतं.

"लाकडातली हवा वर येत असेल, अक्का. आधी पातळ हात मारून छिद्रं बुजवू."

यशोदाबाईंनी पाटी घासली, पुसली, पातळ थर दिला, तो सुकू दिला. मग बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या, रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर घालून सावकाश ढवळलं आणि बारीक धारेने ओतलं. बुडबुडे फुटावेत म्हणून कामिनीने वरून गरम हवेची हीटगन फिरवली. थर काचेसारखा पसरला. धूळ बसू नये म्हणून त्यावर खोकं पालथं घालून ती घरी गेली.

सकाळी पुन्हा बुडबुडे.

तेवढ्यात हितेंद्रचा फोन आला. "नही रे, अजून नही जमनी," यशोदाबाई म्हणाल्या. "घाई काय शे?" फोन ठेवून त्यांनी दोघींसाठी चहा टाकला आणि गुणगुणत पॉलिशपेपर काढला. या वयात एवढी चिकाटी! कामिनीला कौतुक वाटलं, आणि स्वतःची लाजही.

तिने जळगावहून नवं रेझिन मागवलं. तरी तेच.

मग यशोदाबाई बहिणीकडे अमळनेरला गेल्या. झाडांना पाणी घाल म्हणून किल्ली कामिनीकडे दिली. कामिनीने पाणी घातलं आणि पाटी पुढ्यात ओढली. अक्का करायच्या तेच तिने केलं, वेगळं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी खोकं उचललं तर थर नितळ. नखाएवढाही डाग नाही. आनंदाच्या भरात तिने फोटो काढून हितेंद्रला पाठवला.

"रविवारी गाडी घेऊन येतो," त्याचं उत्तर आलं. "इकडे घर आवरायला लागतो आम्ही."

यशोदाबाई आल्या त्या पिशवी हातात धरूनच पाटीसमोर उभ्या राहिल्या. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"तू केली?"

"हो. तुमच्यासारखंच केलं, अक्का. या वेळी कसं जमलं, मलाच कळत नाही. हितेंद्रदादा रविवारी तुम्हाला न्यायला येतायत."

यशोदाबाई खाली बसल्या. पिशवी मांडीवर तशीच.

"बेटा," त्या म्हणाल्या, "दर वेळी तू घरी गेलीस की मी खोकं उचलून ओला थर काडीने घुसळायचे."