गुडाखूची डबी

“अन् हे पन्नास साल म्हंजे कोणतं? मले समजंन असं सांगा,” वनमाला म्हणाली.

“दोन हजार पन्नास.” हरिदासनं हातातले कागद पुन्हा नीट लावले. “त्या सालापर्यंत आमच्या कारखान्याचा कार्बन शून्य. आज नव्या रायपूरच्या मीटिंगमंदी हेच वाचाचं हाय.”

रायपूरच्या गुढियारी भागातल्या त्या गच्चीवर ऊन नुकतं चढत होतं. वनमाला धोतरावर कुरडया घालत होती, आणि हरिदास इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बायकोसमोर भाषणाची तालीम करत होता. शहराबाहेरच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात तो पर्यावरण अधिकारी. चिमणीतून काय जातं ते मोजायचं आणि पुढे किती कमी जाईल ते लिहायचं, हे त्याचं काम. चिमणी आपलं काम नेमानं करायची. रोज सकाळी गच्चीवर काजळीची बारीक साय धरलेली असे. वनमाला आधी फडकं फिरवी, मग धोतर अंथरी, आणि फडक्याच्या तालावर गुणगुणे:

*काळा धुराचा पाहुणा, बिनबोलावता आला,*
*कुरडईच्या ताटातला, पह्यला घास त्याचा झाला.*

“काजळी वेगळी, कार्बन वेगळा,” हरिदास दर वेळी सांगे.

“एकाच कोळशाचे पोट्टे ना दोघं?” ती म्हणे.

आताही तिनं पदराला हात पुसले, कमरेची डबी काढली आणि बोट आत घातलं. हरिदासनं वाचणं थांबवलं.

गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा दातांना घासायची सवय तिला इथल्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, शेजारणींबरोबर नळावर बसता बसता लागली होती. संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांनी तिच्या गालाच्या आतला पांढरा डाग पाहिला आणि ते एवढंच म्हणाले, “आज छोड़ो. कल छोड़ना हो तो मेरे पास मत आना.” तेव्हापासून हरिदास घास तिचा बघायचा आणि गिळायचं आपण विसरायचा.

“वनू, फेक ते.”

“फेकीन ना. मी बी साल ठरवलं हाय.”

“कोणतं?”

“पन्नास.”

हरिदासनं कागद खाली घेतले.

“पह्यले थोडा कमी घासीन,” तिनं बोट हवेत फिरवत सांगितलं, “मंग आनखी थोडा. अन् जेवढा घासीन तेवढ्या तुळशी लावीन. तुमच्या कागदात असंच हाय ना? मी आयकून राहिली होती.”

बोलण्याच्या भरात तिचं बोट काही दातापर्यंत पोचेना. पण हरिदासची नजर त्या बोटावरून हलेना.

“मस्करी नको करू. तुह्या जिवाचा प्रश्न हाय.”

“अन् या गच्चीवर काय पडून राह्यलं? साखर?” ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, “तुमी ज्या दिवशी धूर कमी कराले सुरू करान, मी त्या दिवशी सोडीन. तुमची शपथ. जा आता, गाडी आली.”

नव्या रायपूरचे रस्ते असे रुंद की गाडीलाही एकटं वाटावं. सभागृहात गारवा होता, फुलं होती, पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक शेठजी होते. हरिदास वाचत गेला आणि त्या सालापाशी येऊन अडला. समोर अधिकारी बसले होते, पण त्याला दिसत होतं एक बोट, ओठांजवळ थबकलेलं. भट्टीतून वाया जाणाऱ्या गरम वायूवर बॉयलर चालवायचा, म्हणजे तेवढा कोळसा वाचेल, अशी त्याची एक योजना होती. शेठजी दर वर्षी ती ऐकत आणि “देखेंगे” म्हणत.

हरिदासनं कागद उलटा ठेवला.

“शून्य जब होगा तब होगा,” तो माईकमध्ये म्हणाला. “हमारे बॉयलर का काम इसी हफ़्ते शुरू होगा.”

टाळ्या पडल्या. पत्रकारांनी लिहून घेतलं. शेठजींची टाळी सगळ्यांत शेवटी आली.

परतताना शेठजींनी त्याला आपल्याच गाडीत घेतलं.

“हरिदासजी, इतनी जल्दी किस बात की थी?”

“घर में सौदा हुआ है, सेठजी.” आणि नोकरीची आशा सोडून त्यानं सगळं सांगून टाकलं, गच्चीपासून डबीपर्यंत.

शेठजींनी कपाळाला हात लावला. “वाह! सौदा आपका, बॉयलर मेरा!” मग एक मोठा सुस्कारा टाकून त्यांनी ड्रायव्हरला गाडी कारखान्याकडे घ्यायला सांगितलं. “चलिए, जगह तो देख लें.”

संध्याकाळी हरिदास गच्चीवर चढला तो धापा टाकतच. वनमाला वाळत्या कुरडया उलटत होती.

“सुरू झालं! जागा बी आखली. काढ ती डबी.”

तिनं निमूट डबी त्याच्या हातावर ठेवली. नालीत फेकायला म्हणून त्यानं हात उगारला, तोच झाकण निघालं आणि काळी भुकटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. ओली नव्हती. तंबाखूचा वास नव्हता. त्यानं चिमूट बोटांत चोळून पाहिली. ही भुकटी त्यानं झोपेतही ओळखली असती.

“ही तर... आमच्या चिमणीची!”

“फडक्यातली झटकून भरत होती. डॉक्टरनं सांगतलं, त्याच दिवशी मी गुडाखू सोडला.” तिनं त्याच्यासमोर मोठा आ केला. उतरत्या उन्हात तिच्या गालाची आतली बाजू गुलाबी दिसत होती. जिथं डाग होता, तिथं आता शोधूनच काही सापडलं असतं.

हरिदासनं डबीचं झाकण पुन्हा लावलं.

“तवाच सांगतलं असतं,” ती शेवटची कुरडई उलटत म्हणाली, “तर तुमी आज पन्नास सालच वाचून आले असते.”