पट्ट्याचं मूळ कारण

"हात मागे घ्या, ताई! चावतो तो!"

मावशींनी मनगट इतकं घट्ट पकडलं, की थेरपिस्टच्या हातातलं घड्याळ कातडीत रुतलं. समोर खुर्चीत वकीलसाहेब बसले होते. चाळिशीचे, धिप्पाड. तोंडातून कधी एक शब्द फुटायचा नाही, म्हणून मतिमंद प्रौढांच्या या निवासी संस्थेतल्या कुणा थट्टेखोरानं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कमरेवरून चार बोटं रुंद चामडी पट्टा गेला होता. त्याचं बकल खुर्चीच्या पाठीमागे. जेवण, अंघोळ, संडास आणि झोप सोडली तर सगळा दिवस असाच.

थेरपिस्टला नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता. तिनं विचारलं, "किती दिवस झाले याला?"

"दिवस कसले? नऊ वर्षं झाली म्हणतात. मी सात वर्षांपूर्वी लागले, तेव्हा पट्टा होताच."

"पण का?"

"सांगितलं ना, चावतो." मावशींनी बाही वर केली. दंडावर दातांची जुनी कमान उमटलेली होती.

थेरपिस्टचं डोकं सणकलं. पण राग आला म्हणून पट्टा ओढून काढायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं. नऊ वर्षं बसलेल्या माणसाच्या पायांत बळ उरत नाही. वकीलसाहेब घाबरले तर स्वतः पडतील, दुसऱ्याला पाडतील. ती तडक संचालकांकडे गेली.

संचालकही चार वर्षांपूर्वीच आलेले. माणूस दुष्ट नव्हता, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

"एकेचाळीस चावे आहेत नोंदीत, मॅडम. उद्या कुणाचं बोट तुटलं तर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

"आणि नऊ वर्षं माणूस बांधून ठेवला, त्याचं उत्तर कोण देतंय, सर?"

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "हौसेनं बांधला असेल का कुणी? काहीतरी भयंकर केलं असणार त्यानं. ते आधी शोधा. पुन्हा तसं होणार नाही असं मला लेखी द्या. मग बघू."

तिनं सहा नंबरच्या, म्हणजे वकीलसाहेबांच्या, चाव्यांच्या नोंदी काढल्या आणि दुपारभर वाचत बसली. सकाळी आठ, पट्टा लावताना चावा. दुपारी एक, पट्टा काढताना चावा. पट्टा घट्ट करताना चावा. न्हाणीघरात एकही नाही. जेवणाच्या टेबलावर नाही, बिछान्यात नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस वेळा पाठीमागून कुणाचा तरी हात कमरेशी आलेला होता. चावतो म्हणून पट्टा, आणि पट्टा आहे म्हणून चावतो! तिनं वही इतक्या जोरात आपटली, की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवायला लावली आणि सकाळी पट्टा लावतानाच बकल पुढे घ्यायला सांगितलं. मग समोर स्टुलावर बसून आपला रिकामा हात वकीलसाहेबांना दाखवला. पट्ट्याला शिवली नाही. त्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं बोट बकलावर ठेवलं. सहाव्या दिवशी बकल उघडलं, स्वतःच्या हातानं. दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी, खाली गादी, आणि वेळ मोजून पाच मिनिटं. मग दहा. मग वीस. वकीलसाहेब लटपटत उभे राहायचे, खिडकीपर्यंत जायचे, चौकट धरून बाहेर बघत राहायचे. वेळ संपली की थेरपिस्ट पुढून येऊन हात दाखवायची. कधी ते लगेच वळायचे, कधी चौकट सोडायचे नाहीत. तेव्हा सगळे थांबायचे. कुणी ओढायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात चाळीस मिनिटं झाली. चावा एकही नाही.

मावशी दाराशी उभ्या होत्या. थेरपिस्टला वाटलं, त्या खूश असतील. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"सात वर्षं मी मागून गेले, ताई. चोरासारखी! एकदाही म्हटलं नाही, की साहेब, येतेय हं. मीही चावले असते!"

महिनाअखेरीच्या बैठकीत सगळे जमले. थेरपिस्टनं आठवडाभरात पट्टा पूर्ण काढायचा आराखडा मांडला. कोण जवळ थांबेल, काय दिसलं तर काय करायचं, सगळं लिहिलेलं होतं. संचालकांनी तो नीट वाचला. मान हलवली.

"काम चांगलं आहे, मॅडम. पण मूळ कारण कुठाय?"

"सर, कारण काहीही असलं, तरी नऊ वर्षं..."

"तसं कसं? त्यानं तेव्हा काय केलं होतं, हे माहीत नसताना मी त्याला चाळीस माणसांत मोकळा सोडू?"

तेवढ्यात कारकून, थेरपिस्टनं शोधायला सांगितलेली, नऊ वर्षांपूर्वीची नोंदवही माळ्यावरून घेऊन आला. पानं एकमेकांना चिकटलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. संचालकांनी ती न उघडताच तिच्यापुढे सरकवली.

"घ्या. मोठ्यानं वाचा. सगळ्यांनाच कळू दे."

तिनं पानं सोडवत पट्ट्याची पहिली नोंद शोधली. एकदा मनात वाचली. तिचे कान तापले. नजर वर उचलून तिनं एकेकाकडे पाहिलं. आणि मग वाचलं, एकेक शब्द सुटा करून:

"मोठ्या खोलीत नवी फरशी बसवली आहे. सिमेंट ओलं आहे. सहा नंबरचे गृहस्थ सारखे फेऱ्या मारतात, पाय उमटतील. चार दिवस पट्टा लावून बसवावे."