गुरुवारी तीन ते सहा

“या समाजातली नैतिक मूल्यं संपली!” ओरेब्रूमधल्या आमच्या इमारतीत सिक्स्टेनने गुरुवारी दुपारी तीन वाजून दोन मिनिटांनी जाहीर केलं. तळघरातलं सामाईक वॉशिंग मशीन दर गुरुवारी तीन ते सहा त्याच्या घरासाठी राखीव, आणि आत भलत्याच कुणाचे कपडे फिरत होते. त्याने तिथल्या तिथे निषेधाची चिठ्ठी भिंतीवर चिकटवली. आम्ही स्वीडिश माणसं अशीच भांडतो. तेवढ्यात शेजारची गुनवोर आली. “अरे शहाण्या, तुझेच शर्ट आहेत ते, मीच लावलेत! तुझी बायको गेल्यापासून तीन आठवडे टोपली इथेच पडून होती.” “मी येतो की दर गुरुवारी.” “येतोस, मशीनकडे बघतोस आणि जातोस.” सिक्स्टेनने चिठ्ठी हळूच काढून खिशात घातली, फिरणाऱ्या निळ्या बाहीकडे बघत घसा खाकरला. “गुनवोर, समाजाचं राहू दे. याचं सुरू करायचं बटण कुठलं, तेवढं दाखव.”