दुसरी गोळी

जात्याच्या खुंट्याला आंब्याचा डहाळा बांधून झाला. किकवी गावातल्या त्या अंगणात मांडवाखाली बायका दाटीनं बसल्या होत्या. नवरी मुलगी शेफाली, तिची हळद दळायची होती. या घरात पहिली ओवी आत्यानं म्हणायची असते.

आत्या म्हणजे फुलाबाई. सकाळच्या एसटीनं वेल्ह्याहून आल्या होत्या. त्यांनी खुंटा धरला, तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. जीभ टाळूला चिकटली होती.

"म्हणा की वन्सं," समोरून भावजय, नवरीची आई सुलक्षणा म्हणाली.

फुलाबाईंनी थुंकी गिळायचा प्रयत्न केला. गिळायला काही नव्हतंच.

मागे बसलेली त्यांची सून वैष्णवी कानाशी वाकली. "आई, लघवी आवरायच्या गोळ्या किती घेतल्या?"

फुलाबाईंनी पदराखालून दोन बोटं दाखवली.

डॉक्टरांनी रोज एकच सांगितली होती. तोंडाला कोरड पडेल, हेही सांगितलं होतं. पण मागच्या बारशात फुलाबाई बसल्या तिथली सतरंजी ओली झाली होती, आणि तांब्या लवंडला असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. इथं तर संडास घरामागे, पुरुषांच्या बैठकीसमोरून जायचं. सकाळपासून त्या पाण्याला शिवल्या नव्हत्या.

"दोन घोट पाणी प्या. तोंड सुटंल."

फुलाबाईंनी तिच्या मांडीला चिमटा काढला.

"गळा बसला का काय?" एकीनं विचारलं.

"कशाचा बसतोय! येताना कंडक्टरला आख्ख्या एसटीत ऐकवत आल्यात."

बायका हसल्या. कडेला बसलेली म्हातारी अंबूबाई हसली नाही. "रुसल्यात त्या. आत्याला असली पातळ साडी नेसवल्यावर कोण गाईल?"

सगळ्यांच्या नजरा फुलाबाईंच्या अंगावरच्या साडीकडे गेल्या. सुलक्षणानं ती सकाळीच मानाची म्हणून नेसवली होती.

फुलाबाईंनी जोरजोरात हात हलवला. तसं काही नाही.

"रुसलेलं माणूस असंच करतंय," अंबूबाई म्हणाली. "पाणी द्या बरं. बघा घेत्यात का."

सुलक्षणानं स्वतः उठून तांब्या भरून आणला. फुलाबाईंनी तांब्याकडे पाहिलं. पाणी काठापर्यंत होतं. त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

माहेरी येऊन पाणी नाकारलं, म्हणजे आत्या रुसल्यात यात आता कुणालाच शंका उरली नव्हती.

सुलक्षणा घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मोरपंखी रेशमी साडी होती, घडी न मोडलेली. उद्या लग्नात ती स्वतः नेसणार होती. तिनं फुलाबाईंना कुंकू लावलं, साडी त्यांच्या ओटीत ठेवली आणि पायावर डोकं टेकलं.

"माझं चुकलं वन्सं. पोरीची हळद हाय. मनात ठिऊ नका."

मांडवाच्या खांबाशी फुलाबाईंचा भाऊ मानसिंग उभा होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"मामी, आवो तसं न्हाई," वैष्णवी बोलली. "आईंनी सकाळी—"

फुलाबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. वैष्णवी मागे सरकली.

फुलाबाईंनी ओटीतल्या साडीवर हात ठेवला.

"घेतली गं, घेतली!" बायकांनी सुस्कारा सोडला. "आता म्हणा आत्याबाई."

कुणीतरी जात्यात हळकुंडाची मूठ टाकली. फुलाबाईंनी खुंटा पुन्हा धरला. ओवीचे सगळे शब्द त्यांना आठवत होते. त्यांनी तोंड उघडलं. जीभ टाळूपासून सुटल्याचा बारीक आवाज तेवढा झाला.

बायका वाट पाहत राहिल्या.

मग सुलक्षणाचा हात स्वतःच्या कानाकडे गेला, आणि खाली मान घालून ती सोन्याच्या कानातल्याची फिरकी सोडवू लागली.